खोलीत बास गायब, गाडीत मात्र घुमतो: किक आणि बासचं नेमकं काय करावं?

खर्जातला

नमस्कार मंडळी. संबळ, ढोल आणि ताशा घेऊन हाउसच्या (क्लबातल्या नृत्यसंगीताच्या) अंगानं एक ट्रॅक करतोय. १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ मात्रा). खाली टीआर-९०९ या ड्रम मशीनच्या धर्तीची किक (तळाचा जाड ठोका) आणि साध्या साइन वेव्हचा (एकाच शुद्ध सुराच्या लाटेचा) बास. बासची फ्रेज जी, ए, ए, ई अशी फिरते, मुक्काम ए वरच.

अडचण अशी, की माझ्या खोलीत मॉनिटर स्पीकरवर किक नीट ऐकू येते, पण बास हाताला लागतच नाही. फेडर (आवाजाची पट्टी) वर नेला की बरं वाटतं. तोच मिक्स गाडीत किंवा मित्राकडे वाजवला की बास सगळ्यांवर चढून बसतो आणि संबळ पार बुडतो. साइडचेन लावलेलं आहे, म्हणजे किक वाजली की कॉम्प्रेसर बासला क्षणभर दाबतो. किकला ६० हर्ट्झच्या आसपास ईक्यूनं (ठरावीक पट्टी कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) तीनेक डेसिबल उचललं आहे. प्लगिन बदलून पाहिले, फरक नाही.

गडबड किक-बासच्या भांडणात आहे की आणखी कुठे, ते समजून घ्यायचं आहे. "अमुक प्लगिन घ्या" यापेक्षा कारण सांगितलंत तर फार बरं होईल.

ठेका

किक ६० ला उचलली आहे आणि बासचा ए म्हणजे ५५ हर्ट्झ. दोघं एकाच वेळी एकाच दारातून आत शिरायला बघतायत. तळाचा मालक एकच हवा, हे आधी ठरवा. बास लांब सुरांचा असेल तर तळ बासला द्या आणि किकचं वजन ८०-१०० हर्ट्झकडे न्या. बास तुटक असेल तर उलट करा. आणि उचलण्याआधी कापून बघा. किकला ५५ च्या आसपास थोडं कमी केलंत तर बासचा फेडर न हलवताही तो पुढे येईल.

साइडचेनचं गणित: १२४ ला एक मात्रा ४८४ मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा २४२ ची. बास ऑफबीटवर (दोन मात्रांच्या मधोमध) असेल तर कॉम्प्रेसर २४२ च्या आत पूर्ण सुटलेला हवा, नाहीतर बासचा सुरुवातीचा भागच खाल्ला जातो. रिलीज (सुटायला लागणारा वेळ) १२०-१५० मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि कानानं पुढेमागे करा.

रोहित्र

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अंजुणेकर

साइडचेनशिवायही हा प्रश्न सुटतो, आणि आमच्याकडे तो तसाच सुटत आलाय. सायट्रान्स या जलद नृत्यसंगीतात किक मात्रेवर आणि उरलेल्या तीन सोळांशांवर (मात्रेच्या चौथ्या भागांवर) बासचे तीन ठोके. किक वाजते तेव्हा बास वाजतच नाही, मग दाबायचं कोणाला?

पण त्याची किंमत मोजावी लागते. १४५ बीपीएमला एक सोळांश साधारण १०३ मिलिसेकंदांचा. तेवढ्यात किकची शेपटी संपलीच पाहिजे, नाहीतर पहिल्याच बासच्या ठोक्यावर चिखल. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंद घेते, म्हणजे अख्ख्या किकला जेमतेम पाच लाटा मिळतात. म्हणून आमच्यातली चांगली माणसं किकच्या लांबीवर फार वेळ घालवतात. ईक्यू नंतर येतो, आधी कात्री.

अवांतर: नव्वदीत गोव्यातल्या हणजुणच्या पार्ट्यांमध्ये डीजे गोवा गिल आणि बरेच जण डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवर वाजवायचे. डॅटचा वेग विनाइलसारखा हातानं जुळवता येत नाही, त्यामुळे एक गाणं दुसऱ्यात विरघळवायला सुरुवातीचे-शेवटचे लांब, ठेका नसलेले भाग कामाला यायचे. गोवा ट्रान्सच्या त्या लांबलचक प्रस्तावनांमागे हेही एक कारण आहे. यंत्राची अडचण संगीताच्या आकारात कशी उतरते पहा.

ठेका

@अंजुणेकर, मान्य, पण ते सायट्रान्सपुरतं. हाउसमध्ये बासचा सूर किकच्या अंगावरून लांब ओढला जातो, तिथे कात्री चालत नाही. धागाकर्त्यांचा बास साइन वेव्ह आहे. मध्येच कापला तर 'टक' असा आवाज येईल.

आणखी एक. साइडचेनचा अटॅक-रिलीज (दाबायचा आणि सोडायचा वेळ) फारच झटपट ठेवू नका. ५५ हर्ट्झची एक लाट १८ मिलिसेकंदांची. कॉम्प्रेसर त्याहून जलद हलायला लागला तर तो प्रत्येक लाटेच्या आत आवाज खालीवर करतो आणि बास खरखरतो. पुष्कळांना ती खरखर आवडते, पण ती हवी म्हणून आलेली असावी. त्यापेक्षा व्हॉल्यूम शेपर वापरलात तर वक्र आपल्या हातानं काढता येतो.

तानपुरा_चालू

तळाचं भांडण वाद्यं निवडतानाच मिटवता येतं, याचं आपल्या मुंबईतलं उदाहरण आहे. चरणजीत सिंग. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन, आणि त्यांवर राग वाजवले. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभर चर्चा झाली, कारण ३०३चा तो चिवट, ओला आवाज शिकागोच्या अ‍ॅसिड हाउसनं १९८७ मध्ये गाजवायच्या पाच वर्षं आधी इथे वाजला होता.

मिक्सच्या दृष्टीनं ऐका. ८०८ ची किक अगदी तळाशी, गोल. ३०३ नावाला बासचं यंत्र, पण फिल्टरचा रेझोनन्स वर नेला की त्याचं बोलणं मधल्या पट्टीत होतं. ज्युपिटर त्याच्याही वर. तिघांनी आपापला मजला वाटून घेतलाय. अशा मांडणीत ईक्यूला काम फार कमी उरतं. आपण आज साठ ट्रॅक उघडतो, सगळ्यांना तळ देतो आणि मग कापत बसतो.

विंगेतली

+१ तानपुरा_चालू. मांडणी हाच पहिला मिक्स.

पट्टीतला_मध्यम

मी सरळ फोनवर ऐकून बघतो. फोनच्या स्पीकरला ५५ हर्ट्झ वाजतच नाही, २०० च्या खाली त्याच्याकडे जवळपास काही नसतं. शुद्ध साइनचा बास फोनवर म्हणजे शांतता. बासवर हलकं सॅच्युरेशन (थोडी विकृती) टाका, मग ११०, १६५, २२० असे वरचे हार्मोनिक (पटीतले सूर) तयार होतात आणि मूळ सूर नसतानाही कान तो सूर भरून काढतो. आज पुष्कळ लोक फोनवर ऐकतात, त्यांना बास मिळाला पाहिजे.

मी बासच्या दोन प्रती करतो. एक १०० च्या खाली, स्वच्छ, मोनो. दुसरी वरची, मनसोक्त सॅच्युरेशन.

ठेका

दोन प्रतींची युक्ती चांगली आहे, फक्त जिथे त्या मिळतात तिथला क्रॉसओव्हर तपासा. दोन वेगळे फिल्टर लावून तुकडे केले की जोडावर फेज (लाटांच्या चढ-उताराची जुळणी) सरकते आणि तिथे खड्डा पडतो. क्रॉसओव्हर देणारा एकच प्लगिन वापरणं सुरक्षित.

खालचा भाग मोनो ठेवण्याला मात्र माझं पूर्ण अनुमोदन. विनाइलच्या काळात तो नाइलाजच होता. डाव्या-उजव्या बाजूचा तळ उलट फेजमध्ये असेल तर सुई खोबणीतून उचलली जाते. आता विनाइल नसलं तरी क्लबातले सबवूफर बहुधा मोनोच वाजतात. तुम्ही रुंद केलेला तळ तिथे स्वतःलाच खोडतो.

सदाफुली२

मी नवीन आहे. मास्टर करताना (ट्रॅकवर शेवटचा हात फिरवताना) उणे १४ लफ्स (आवाजाच्या एकूण पातळीचं माप) गाठायचंच का? सगळीकडे तोच आकडा वाचते.

अंजुणेकर

नाही ताई. उणे १४ ही स्पॉटिफायची वाजवण्याची नेहमीची पातळी आहे, तुम्ही तिथेच थांबावं असा काही नियम नाही. तुमचा ट्रॅक उणे ८ वर असेल तर ते सहा डेसिबल खाली आणतील, एवढंच. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, पण लहान आवाज वर उचलत नाही. शिवाय डीजे तुमची फाइल घेऊन वाजवतो तेव्हा बाजूच्या ट्रॅकच्या शेजारी ती पातळ वाटून चालत नाही, म्हणून क्लबासाठीचे ट्रॅक उणे ९-८ च्या आसपास असतात.

पट्टीतला_मध्यम

इथे मी जरा वेगळं म्हणेन. खाली आणतात "एवढंच" नाही. लिमिटरनं (आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनानं) किकचं टोक चिरडून उणे ६ वर नेलेला ट्रॅक खाली आणल्यावर चिरडलेलाच राहतो. शेजारचा मोकळा ट्रॅक त्याच पातळीवर जास्त जिवंत वाजतो. संबळ-ढोलासारख्या वाद्यात तर सगळा जीव त्या टोकातच. ताशाची काडी पडली की जो क्षण येतो तो लिमिटरला दिलात तर उरलं काय?

ट्रू पीक (सर्वांत उंच टोक) उणे १ डेसिबलवर ठेवा, कारण एमपी३ किंवा एएसी होताना टोकं आणखी वर जातात. बाकी आकडा कानाला विचारा.

अंजुणेकर

उणे ६ ला मीही जात नाही हो. त्यावर आपलं भांडण नाहीच.

विंगेतली

अवांतर: आवाजाचा विषय निघालाच आहे तर. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींपुढे उभे राहणारे पोरगे बघून पोटात गोळा येतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. आणि कामाच्या ठिकाणी ऐकण्याची निऑश या अमेरिकी संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. भिंतीपुढचा आवाज त्याच्याही वर जातो. मिक्स करणाऱ्यांनी तर हा हिशोब भिंतीवर चिकटवून ठेवावा, कान गेले की सगळंच गेलं.

पट्टीतला_मध्यम

शंभर टक्के. आणि याचा मिक्सशी थेट संबंध आहे. आवाज लहान असला की आपल्या कानाला तळ कमी ऐकू येतो, मोठा केला की तळ फुगतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलंय. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात मिक्स केलात तर बास जास्त टाकाल, मोठ्यानं केलात तर कमी टाकाल. एक पातळी ठरवून नॉबला खूण करून ठेवा.

मीरा_ध्वनी

इतके सल्ले आले, सगळे आपापल्या जागी बरोबर, पण खर्जातला यांची तक्रार मला किक-बासची वाटत नाही. मला तीन गोष्टी सांगा. खोली केवढी? तुमची खुर्ची खोलीत नेमकी कुठे? आणि फ्रेजमधला जी आणि ई ऐकू येतात का, की फक्त ए हरवतो?

खर्जातला

खोली दहा बाय दहा, छत साडेनऊ फुटांवर. टेबल भिंतीपासून पुढे ओढलेलं आहे, कारण मागे तारा आणि इंटरफेस आहे. त्यामुळे खुर्ची जवळपास खोलीच्या मधोमध येते.

आणि हो, आत्ता लक्ष देऊन ऐकलं. जी आणि ई बऱ्यापैकी ऐकू येतात. ए वर आला की बास जमिनीत गेल्यासारखा होतो.

मीरा_ध्वनी

मग सापडलं.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिली स्थिर लाट तेव्हा उभी राहते जेव्हा खोलीची लांबी त्या लाटेच्या निम्मी असते. ३४३ भागिले ६.१, म्हणजे ५६ हर्ट्झ. उन्हाळ्यात हवा तापली की ५७. तुमचा ए ५५ ला. जी ४९ ला आणि ई ४१ ला, ते या लाटेपासून लांब, म्हणून वाचतात.

या स्थिर लाटेचा दाब दोन्ही भिंतींलगत सर्वांत जास्त आणि मधोमध जवळपास शून्य. तुम्ही बरोबर त्या शून्यात बसला आहात. छताचंही तेच. साडेनऊ फुटांची उंची साधारण ५९ हर्ट्झला बोलते, आणि बसल्यावर कान चारएक फुटांवर येतात, म्हणजे तिथेही मध्याच्या जवळ. दोन्ही खड्डे एकमेकांवर.

किक का ऐकू येते? कारण ९०९ ची किक एका सुरावर उभी नसते, वरून खाली घसरत येते, शिवाय सुरुवातीचा 'टक' दोन-तीन हजार हर्ट्झकडे असतो. कान त्यावर तिला ओळखतो. तिचा तळ मात्र तुम्हाला नीट मिळत नाहीये, म्हणूनच ६० ला उचलावंसं वाटलं. मित्राच्या घरी हा खड्डा नाही, तिथे तुमचा वाढवलेला बास जसाच्या तसा पोचतो.

पडताळा सोपा आहे. ५५ हर्ट्झचा साइन टोन लावा आणि खोलीत चाला. भिंतीपाशी गेलात की आवाज फुगेल, मधे आलात की नाहीसा होईल. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

रोहित्र

भन्नाट! टोन लावून घरभर फिरून आलो. आई म्हणते फ्रिज बिघडलाय का बघ. आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सबवूफरशिवाय सबवूफर आहे.

ठेका

मीराताई, मानलं. माझं पहिलं उत्तर वाद्यांकडे बघून होतं, खोलीचा विचार त्यात नव्हता. पण मग चौरस खोलीत डाव्या-उजव्या भिंतींचाही ५६ चाच खड्डा असणार ना? मधोमध तर बसावंच लागतं, स्टिरिओसाठी.

मीरा_ध्वनी

छान प्रश्न. दोन्ही स्पीकर मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर असतील आणि बास मोनो असेल, तर आडव्या दिशेची ती पहिली लाट उठतच नाही. डावा स्पीकर तिला जितकं ढकलतो तितकंच उजवा उलट ढकलतो. तेव्हा आडव्या दिशेला मधेच बसा. बदलायचं ते पुढचं-मागचं अंतर. कान समोरच्या भिंतीपासून खोलीच्या ३८ टक्क्यांवर आणून पाहा, म्हणजे दहा फुटांत पावणेचार फूट. तिथे ५६ चा आवाज भिंतीलगतच्या मानानं नऊएक डेसिबल कमी असतो, पण हाती लागतो.

पट्टीतला_मध्यम

३८ टक्के हा आकडा लोक फार श्रद्धेनं घेतात. तो रिकाम्या, कडक भिंतींच्या आयताकृती खोलीचा हिशोब. खऱ्या खोलीत कपाट, गादी, दार, खिडकी. सुरुवात तिथून करा, पण रूम ईक्यू विझार्ड हे खोली मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मोजायचा साधा मायक्रोफोनही फार महाग नाही. मोजा आणि इंच-इंच सरकवा.

मीरा_ध्वनी

बरोबर, आकडा फक्त पहिल्या खुर्चीपुरता. मोजणं केव्हाही वरचढ.

सदाफुली२

अंड्याचे ट्रे भिंतीला लावले तर? एका व्हिडिओत पाहिलं होतं.

मीरा_ध्वनी

त्यांनी तळावर काहीही होत नाही. फार तर वरचा झगमगाट थोडा कमी होतो, म्हणजे खोली आणखी घुमी वाटायला लागते. शिवाय आग लागली तर पुठ्ठा भराभर पेटतो, त्यामुळे नकोच. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटरची आहे, तिच्यापुढे इंचभर पुठ्ठा काय करणार? चांगले चार-सहा इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनेल कापडात शिवून, भिंतीपासून थोडे सोडून, कोपऱ्यांत उभे करा. कापसाच्या जाड गाद्या मधल्या आवाजाला बऱ्या पडतात, अगदी तळाला नाही.

विंगेतली

आणि हेडफोन? भाड्याच्या घरात पॅनेल कुठे ठोकणार.

ठेका

हेडफोनला खोली नसते, म्हणून तळ तपासायला उत्तमच. फक्त डावं-उजवं अवाजवी लांब वाटतं आणि रिव्हर्ब (जागेचा घुमारा) कमी टाकला जातो, तेवढं स्पीकरवर बघून घ्या. गाडीवर मात्र निकाल देऊ नका. बंद गाडीची लहानशी जागा तळ स्वतःच वाढवते. गाडीत आधी ओळखीचा, आवडता ट्रॅक लावा, मग आपला, आणि दोन्हींची पातळी कानानं सारखी करा. मोठा वाजतो तो नेहमीच चांगला वाटतो.

खर्जातला

मंडळी, टेबल सरकवलं. तारा बाजूनं काढल्या, कान आता समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांच्या आसपास. ए ऐकू येतोय! लगेच बासचा फेडर पाच डेसिबल खाली आला आणि किकचं ६० चं उचलणं काढून टाकलं, गरजच उरली नाही. गाडीत संबळ वर आला. मीराताई, ठेका, सगळ्यांचे मनापासून आभार.

आता एक वेगळीच गोष्ट ऐकू यायला लागली आहे, आधी ती झाकलेली असावी. किकवर ढोलाचा ठोका एकत्र येतो तिथे तळ वाढण्याऐवजी पातळ होतो. दोन्ही वेगवेगळे वाजवले तर भरदार.

ठेका

फेज. दोन्ही वेव्हफॉर्म मोठे करून बघा. किकची पहिली मोठी लाट वर जाते तेव्हा ढोलाची खाली जात असणार. ढोलाची पोलॅरिटी उलटी करून (लाटेची वरची बाजू खाली करून) ऐका. अर्धवट सुधारलं तर ढोल काही मिलिसेकंद पुढेमागे सरकवा. ५५ हर्ट्झला अर्धी लाट नऊ मिलिसेकंदांची, म्हणजे शोधायची जागा तेवढीच. माणसाच्या हातचा ढोल असेल तर प्रत्येक ठोका वेगळा पडतो, मग सरळ ढोलाला १०० च्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावा. ढोलाचा घुमारा १०० ते २०० मध्येही भरपूर असतो, तो जात नाही.

अंजुणेकर

हाय-पासनं स्वतःच फेज सरकते, हे विसरू नका. लिनियर फेज ईक्यू (फेज न बिघडवणारा) वापरा.

ठेका

ठोक्यांच्या वाद्यावर मी तो टाळतो. लिनियर फेजमध्ये ठोक्याच्या आधीच एक पुसट सूज ऐकू येते, तळाला जास्तच. साधा, हलक्या उताराचा हाय-पास लावा आणि पोलॅरिटी त्यानंतर पुन्हा तपासा. क्रम महत्त्वाचा, आधी फिल्टर, मग जुळवणी.

तानपुरा_चालू

आणि ढोलावर रिव्हर्ब असेल तर रिव्हर्बच्या वाटेवर, त्याच्या आधी, ईक्यू ठेवा. ६०० च्या खालचं आणि १०,००० च्या वरचं कापून पाठवा, अ‍ॅबी रोडची जुनी रीत. प्री-डिले (रिव्हर्ब सुरू व्हायच्या आधीची उसंत) १२४ ला तीस मिलिसेकंद ठेवलात तर मात्रेचा बरोबर सोळावा भाग होतो. काडीचा आवाज आधी स्वच्छ येतो, मोकळं पटांगण नंतर उघडतं.

खर्जातला

पोलॅरिटी उलटवून लगेच फरक पडला, पण ढोल दोघांनी वाजवलेला आहे, त्यामुळे सगळे ठोके जुळत नाहीत. आता ९० ला हाय-पास लावून पुन्हा बघतो. ताशाला वेगळा, लहान रिव्हर्ब द्यावा की ढोलाचाच?

तानपुरा_चालू

जागा एकच ठेवा, मात्रा वेगळी. ताशाला त्याच रिव्हर्बमध्ये कमी पाठवा. दोघं एकाच चौकात उभे आहेत असं वाटलं पाहिजे.